लोहाची गोळी : केव्हा, किती आणि कशासोबत

रक्तक्षय हा अन्नाला मोताद झालेल्या घरांचा आजार आहे, अशी समजूत व्यापारी कुटुंबांत खोलवर रुजली आहे. ज्या घरी दूध, तूप, सुकामेवा आणि कडधान्ये यांना तोटा नाही, तेथील सुनेचे हिमोग्लोबिन नऊवर आले, हे ऐकून सासूबाईंना प्रथम आश्चर्य वाटते आणि मग किंचित अपमानही. वस्तुतः २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. त्याआधीच्या पाहणीत हे प्रमाण ४८ टक्के होते. म्हणजे सुबत्ता वाढली तरी रक्त वाढले नाही. देशभरातील आकडे पाहिले तर सधन घरांतील स्त्रियाही यातून सुटलेल्या नाहीत. नीती आयोगाने २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांची निवड केली, तेव्हा महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांत धाराशिवचा, तेव्हाच्या उस्मानाबादचा, समावेश झाला. गरोदर स्त्रियांतील तीव्र रक्तक्षयावर उपचार होतात की नाहीत, हा त्या जिल्ह्यांच्या प्रगतीचा एक मापदंडच ठरवण्यात आला.

या रोगाच्या औषधाचा इतिहास मुंबईशी जोडलेला आहे, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. १९२८ साली ल्युसी विल्स नावाच्या ब्रिटिश महिला डॉक्टर मुंबईत आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांना एक विलक्षण प्रकारचा रक्तक्षय होत होता. त्यात रक्तपेशी लहान होण्याऐवजी मोठ्या होत. परळच्या हाफकिन संस्थेत त्यांनी यावर काम केले आणि १९३१ मध्ये असे दाखवून दिले की यीस्टच्या अर्काने हा रोग बरा होतो. त्या अर्कातील नेमके द्रव्य त्यांना ठाऊक नव्हते. पुढे ते फॉलिक ॲसिड म्हणून ओळखले गेले. आज आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या लाल गोळीत लोहाबरोबर जे ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते, त्याचे मूळ मुंबईच्या गिरणगावात आहे.

भारत सरकारने अशा गोळ्यांचे वाटप १९७० सालापासून सुरू केले आणि २०१८ मध्ये ‘ॲनिमिया मुक्त भारत’ या नावाने त्याची नव्याने आखणी केली. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना आठवड्यातून एक गुलाबी गोळी, दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींना आठवड्यातून एक निळी गोळी, आणि गरोदर स्त्रीला चौथ्या महिन्यापासून रोज एक लाल गोळी किमान १८० दिवस, व बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. निळ्या आणि लाल गोळीत ६० मिलीग्रॅम लोह असते. या गोळ्या फुकट मिळतात म्हणून त्या कमी दर्जाच्या, असा एक ग्रह बाजारपेठेतल्या घरांत असतो. शाळेतून आलेली निळी गोळी दप्तराच्या तळाशी विरघळते आणि त्याच मुलीसाठी औषधाच्या दुकानातून चारशे रुपयांचे टॉनिक येते. मोल देऊन घेतलेले ते अधिक गुणकारी, हा हिशेब कापडात खरा ठरेल. लोहात तो ठरत नाही.

बाटलीवरचा किंवा पाकिटावरचा आकडा वाचण्याची कला मात्र व्यापाऱ्याला सहज जमण्यासारखी आहे, कारण येथेही ढोबळ वजन आणि निव्वळ वजन असा भेद आहे. फेरस सल्फेट २०० मिलीग्रॅम असे लिहिलेले असेल तर त्यात प्रत्यक्ष लोह सुमारे ६५ मिलीग्रॅमच असते. फेरस ग्लुकोनेटच्या ३०० मिलीग्रॅममध्ये ते जेमतेम ३५ भरते. फेरस ॲस्कॉर्बेटच्या पाकिटावर बहुधा थेट निव्वळ लोहाचाच आकडा छापलेला असतो. दोन निरनिराळ्या औषधांची तुलना करताना, किंवा डॉक्टरांनी लिहिलेले औषध दुकानात नाही म्हणून दुसरे घेताना, हा निव्वळ आकडा विचारावा. अनेक ‘ताकदीच्या’ गोळ्यांत तो इतका अल्प असतो की रक्तक्षय झालेल्या माणसाला त्याचा उपयोग नाही. शिवाय त्याच गोळीत भरपूर कॅल्शियम घातलेले असते आणि कॅल्शियम लोहाला आतड्यातून आत जाऊ देत नाही.

परंतु गोळी सुरू करण्यापूर्वी तपासणी हवी. हिमोग्लोबिन गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीत १२ च्या खाली, गरोदर स्त्रीत ११ च्या खाली आणि पुरुषांत १३ च्या खाली असेल तर रक्तक्षय समजतात. तेवढ्यावर थांबू नये. रक्ताच्या साध्या संपूर्ण तपासणीत रक्तपेशींचा आकारही कळतो. पेशी लहान असतील तर लोहाची कमतरता संभवते. मोठ्या असतील तर ब१२ जीवनसत्त्वाची किंवा फॉलिक ॲसिडची. दोन्ही कमतरता एकत्र असल्या तर आकार मधलाच दिसतो आणि फसगत होते. शरीरातील लोहाचा साठा किती, हे फेरिटिन या तपासणीने समजते. साठा ही गोदामातील शिल्लक आणि हिमोग्लोबिन हा दुकानात मांडलेला माल. दुकान भरलेले दिसते, पण गोदाम रिकामे असते, अशी अवस्था तरुण मुलींत पुष्कळ आढळते. थकवा, केस गळणे, जिने चढताना धाप, आणि क्वचित खडू, माती किंवा बर्फ खाण्याची विचित्र ओढ ही त्याची चिन्हे होत.

पेशी लहान असूनही लोह पुरेसे असते, असा एक प्रकार आहे. तो म्हणजे थॅलेसेमियाचे वाहकत्व. सिंधी, लोहाणा, कच्छी आणि काही गुजराती व्यापारी समाजांत ते तुलनेने अधिक आढळते, आणि या समाजांशी सोयरीक आता नवी राहिलेली नाही. वाहक व्यक्तीला काही त्रास नसतो. हिमोग्लोबिन मात्र नेहमी थोडे कमी राहते आणि घरचे वर्षानुवर्षे लोहाच्या गोळ्या देत राहतात. त्यांनी काही साधत नाही, उलट अनावश्यक लोह अंगात साठू शकते. एकदाच हिमोग्लोबिनच्या प्रकारांची तपासणी केली की उलगडा होतो. लग्नापूर्वी ती करून घेणे अधिक शहाणपणाचे, कारण दोन वाहकांचा विवाह झाला तर प्रत्येक अपत्याला तीव्र आजार होण्याचा संभव चारात एक असतो. पत्रिका जुळवण्यात जेवढा वेळ जातो, त्याच्या शतांश वेळात हे काम होते.

पुरुषांच्या बाबतीत तर परस्पर गोळी घेऊच नये. दिवसभर गादीवर बसणाऱ्या पन्नाशीच्या गृहस्थांचे लोह कमी झाले, तर प्रश्न आहाराचा कमी आणि रक्त कोठून जात आहे, याचा अधिक असतो. मूळव्याध असेल, गुडघ्यासाठी घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी जठरात व्रण झाला असेल, किंवा आतड्यात गाठ असेल. मासिक पाळी थांबलेल्या स्त्रियांनाही हेच लागू. टॉनिकने आकडा वाढतो, चेहऱ्यावर तेज येते आणि मूळ रोग सहा महिने झाकला जातो. तरुण स्त्रीत पाळीचा अतिरिक्त रक्तस्राव हे सर्वांत मोठे कारण असते. ते सांगण्यास संकोच वाटतो म्हणून घरात कोणी विचारत नाही, आणि गळक्या हौदात पाणी भरण्याचे काम चालू राहते.

आता गोळी घेण्याची वेळ. लोह रिकाम्या पोटी उत्तम शोषले जाते, म्हणजे जेवणापूर्वी एक तास किंवा जेवणानंतर दोन तास. पुष्कळ डॉक्टर ‘रात्री झोपताना घ्या’ असे सांगतात. चौविहार पाळणाऱ्या घरात ते शक्य नसते, आणि रुग्ण तसे बोलूनही दाखवत नाही. चिठ्ठी निमूटपणे घेतली जाते व गोळी तशीच राहते. डॉक्टरांना हे स्पष्ट सांगावे, कारण सकाळची वेळ तितकीच चांगली आहे. सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटांनी नवकारशी पारली की प्रथम गोळी, उकळून गार केलेल्या पाण्याबरोबर, आणि शक्य तर त्या पाण्यात अर्ध्या लिंबाचा रस. लिंबातील क जीवनसत्त्व वनस्पतिज लोहाला विरघळलेल्या रूपात ठेवते. त्यानंतर एक तास चहा नाही. खरी अडचण येथेच आहे. मराठवाड्यातील व्यापारी घरांत नवकारशी पारणे आणि चहाचा पेला या दोन गोष्टी एकमेकींना चिकटलेल्या असतात. परंतु चहातील टॅनिन लोहाला बांधून टाकते, आणि दूधही त्याच्या आड येते. दुपारी चार वाजता गोळी घ्यावी म्हटले तर तेथेही चहा हजर असतो. ज्यांना सकाळ साधत नाही त्यांनी दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी गोळी घ्यावी आणि चारचा चहा थोडा पुढे ढकलावा.

दुधाच्या पदार्थांचे असेच. भूम तालुक्याचा खवा आणि कुंथलगिरीचा पेढा यांची ख्याती सर्वदूर आहे. देशभूषण व कुलभूषण मुनींच्या निर्वाणभूमीचे दर्शन घेऊन परतणारा यात्रेकरू पेढ्याची पुडी घेतल्यावाचून येत नाही. तो जरूर खावा, पण गोळीपासून दोन तास दूर. गरोदर स्त्रीला लोह आणि कॅल्शियम अशा दोन्ही गोळ्या मिळतात. त्या एकदम घेणे म्हणजे एकीने दुसरीला अडवणे. सकाळी लोह, दुपारच्या जेवणासोबत कॅल्शियम, अशी वाटणी सोयीची. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी तिच्यात आणि लोहात चार तासांचे अंतर ठेवावे. म्हणजे थायरॉइडची पहाटे किंवा नवकारशीला आणि लोहाची दुपारी. आम्लपित्तावरची औषधेही लोहाचे शोषण घटवतात, आणि काही प्रतिजैविकांना लोह निष्प्रभ करते. म्हणून कोणत्याही डॉक्टरकडे गेल्यावर ‘लोहाची गोळी चालू आहे’ हे आपणहून सांगावे.

गोळीने मळमळ होते, पोट जड होते, शौचास खडा होतो किंवा पातळ होते. या कारणांनी निम्म्याहून अधिक पाकिटे अर्धवट पडून राहत असतील, तर नवल नाही. अशा वेळी गोळी बंद करण्यापेक्षा जेवणाबरोबर घ्यावी. शोषण थोडे कमी होईल, पण न घेतलेल्या गोळीचे शोषण शून्य असते. शौच काळे होणे स्वाभाविक आहे, त्याने घाबरू नये. डांबरासारखे चिकट, दुर्गंधीयुक्त शौच मात्र निराळे. ते जठरातील रक्तस्रावाचे लक्षण असू शकते. सिरप दातांना डाग पाडते, म्हणून ते नळीने घ्यावे आणि चूळ भरावी.

एक दिवसाआड गोळी घेण्याची पद्धत अलीकडे रूढ होत आहे. २०१७ साली झुरिच येथील संशोधकांनी लोहाची कमतरता असलेल्या तरुण स्त्रियांवर अभ्यास करून दाखवले की रोजच्यापेक्षा एक दिवसाआड दिलेल्या गोळीतील लोहाचा अधिक हिस्सा अंगी लागतो. कारण असे की, लोहाचा एक डोस पोटात गेला की यकृत हेप्सिडिन नावाचे द्रव्य सोडते आणि ते सुमारे चोवीस तास आतड्याचे दार अर्धवट लोटून ठेवते. वर्षीतप करणाऱ्या श्राविकांसाठी ही माहिती विशेष उपयुक्त आहे. वर्षीतपात एक दिवस उपवास आणि दुसऱ्या दिवशी बियासना असतो. बियासनाच्या दिवशी गोळी घेतली की एक दिवसाआडचा क्रम आपोआप साधतो. अर्थात हा क्रम सौम्य कमतरतेसाठी आहे. गरोदर स्त्रीने रोजची गोळी स्वतःच्या मनाने एक दिवसाआड करू नये. तिचे हिमोग्लोबिन ७ ते १०.९ यांच्या दरम्यान असेल तर शासकीय मार्गदर्शनानुसार रोज दोन लाल गोळ्या दिल्या जातात, आणि ७ च्या खाली गेले तर घरी बसण्याचे कारणच नाही, जिल्हा रुग्णालय गाठावे.

एकासना असेल तर बैठकीच्या आरंभीच लिंबाच्या पाण्याबरोबर गोळी घ्यावी. आयंबिलाच्या ओळीत दूध-दही नसतेच, त्यामुळे लोहाचा एक अडथळा आपसूक दूर होतो, मात्र नऊ दिवसांचा तो आहार तोकडा असतो हेही ध्यानात ठेवावे. अठ्ठाई किंवा मासखमण करण्याचा भाव असेल तर पर्युषण वा दशलक्षण तोंडावर आल्यावर तपासणी करून उपयोग नाही. चातुर्मासाच्या दोन-तीन महिने आधी केली, तर साठा भरण्यास अवधी मिळतो. पच्चक्खाणात समाधीसाठीचा आगार असतो, आजारपणी औषध घेण्याविषयी महाराज साहेबांना विचारता येते, आणि विचारल्यावर उत्तर बहुधा घरातल्या ज्येष्ठांच्या अपेक्षेपेक्षा सौम्य येते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रीच्या तपाचा निर्णय तिने व डॉक्टरांनी मिळून घ्यावा. तो वाड्यातल्या बायकांच्या चढाओढीवर सोडू नये.

आहारासंबंधी एक खंत अनेक घरांत ऐकू येते. बीट आणि गाजर कंदमूळ म्हणून वर्ज्य, मग रक्त वाढणार कसे? या खंतीला आधार नाही. बीटचा लाल रंग रक्ताशी संबंधित नाही, त्यात लोह फार थोडे आहे. गुळाचाही लौकिक त्याच्या लोहापेक्षा मोठा आहे. मसूर, मटकी, हरभरा, सोयाबीन, तीळ, अळीव आणि पोहे यांतून कितीतरी अधिक लोह मिळते. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी वर्ज्य असली तरी कडधान्ये असतातच. लोखंडी कढईत चिंचेचे किंवा आमसुलाचे आंबट वरण शिजवले तर कढईचे लोहही उतरते. नॉनस्टिकने घराघरातून हद्दपार केलेली ती कढई माळ्यावरून काढण्याजोगी आहे. तथापि एकदा रक्तक्षय जडल्यावर केवळ आहाराने तो भरून येत नाही. गोळी लागतेच.

शाकाहारी समाजाचा अधिक मोठा प्रश्न ब१२ जीवनसत्त्वाचा आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रामीण, झोपडपट्टीतील आणि शहरी मध्यमवर्गीय पुरुषांची तपासणी केली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुमारे दोन-तृतीयांश पुरुषांत ब१२ कमी आढळले, आणि हे प्रमाण सर्वाधिक होते ते शहरी मध्यमवर्गात. हे जीवनसत्त्व कोणत्याही भाजीत, फळात किंवा धान्यात नसते. शाकाहारी माणसाला ते दूध-दह्यातूनच मिळते, आणि चहात पडणारे दूध त्यास पुरत नाही. दूधही सोडलेल्या तरुणांना तर बाहेरून घेतल्यावाचून गत्यंतर नाही. मधुमेहावर मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ते आणखी घटते, आणि व्यापारी समाजात मेटफॉर्मिन किती घरांत आहे, हे सांगायला नको.

येथे एक धोका लक्षात घ्यावा लागतो. लोह-फॉलिक ॲसिडच्या गोळीत ब१२ नसते. फॉलिक ॲसिडने रक्ताचा अहवाल सुधारतो, पण ब१२ अभावी मज्जातंतूंची झीज आत चालूच राहते. तळपायांना मुंग्या, चालताना तोल जाणे, विसराळूपणा ही लक्षणे ‘वयोमानानुसार’ म्हणून सोडून दिली जातात आणि उशीर झाला तर हानी पुरती भरून येत नाही. म्हणून शाकाहारी व्यक्तीने लोहाबरोबर ब१२ ची तपासणीही करावी आणि कमी असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी वा इंजेक्शन घ्यावे. शरीराची रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅमची असताना गोळी ५०० किंवा १००० मायक्रोग्रॅमची का, अशी शंका येते; मोठ्या मात्रेतील फार थोडा अंशच शोषला जातो, हे तिचे उत्तर.

या औषधांत प्राणिज काही आहे काय, हा प्रश्न जैन घरात विचारला जाणारच, आणि तो योग्यही आहे. एके काळी काही प्रसिद्ध टॉनिकांत जनावरांच्या रक्तातील हिमोग्लोबिन घातले जाई. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी केंद्र शासनाने अशा मिश्रणांवर बंदी घातली. आजच्या गोळ्यांतील लोह हे खनिजापासून बनवलेले क्षार असतात. ब१२ जिवाणूंच्या किण्वनातून तयार होते. खरी शंका कॅप्सूलच्या आवरणाविषयी घ्यावी. नेहमीचे आवरण जिलेटिनचे, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातडीपासून केलेले असते; वनस्पतिज सेल्युलोजचेही मिळते. अन्नपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यांवर हिरवा ठिपका किंवा तपकिरी त्रिकोण असतो, औषध म्हणून परवाना घेतलेल्या पाकिटांवर तो सापडेलच असे नाही. सरळ उपाय असा की, डॉक्टरांकडून कॅप्सूलऐवजी गोळी लिहून घ्यावी. शंका आली म्हणून औषधच टाळणे हा उपाय नव्हे.

सर्वांत गंभीर गोष्ट लहान मुलांची. साखरेचा लेप दिलेली लाल गोळी दोन वर्षांच्या मुलाला चॉकलेटच्या गोळ्यांसारखी दिसते. दर किलो वजनामागे २० मिलीग्रॅमहून अधिक लोह पोटात गेले तर विषबाधेची लक्षणे दिसू लागतात, ६० मिलीग्रॅमच्या पुढे जीवावर बेतू शकते. दहा किलोच्या बाळाच्या पोटात ६० मिलीग्रॅमच्या दहा गोळ्या गेल्या की ती सीमा गाठली जाते. बाळंतिणीच्या खोलीत, उशाशी, पाकीट उघडे ठेवणारी घरे थोडी नाहीत, आणि थोरले भावंड नेमके त्याच वयाचे असते. गोळ्या मूळ पाकिटात, कुलपाच्या कपाटात ठेवाव्यात. मुलाने गोळ्या खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी घरगुती उपाय करू नयेत, उलटी करवू नये. पाकीट बरोबर घेऊन तत्काळ रुग्णालयात जावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. आरंभी उलट्या-जुलाब होऊन मूल काही तासांनी हसू-खेळू लागते. हीच वेळ फसवी असते, कारण त्यानंतर यकृत आणि हृदय यांवर परिणाम दिसू लागतो. कळंब, परंडा किंवा लोहाऱ्याच्या घराने ‘आता बरा दिसतो, सकाळी पाहू’ असे म्हणू नये.

उपचार सुरू झाल्यावर महिन्याने हिमोग्लोबिन पुन्हा तपासावे. ते निदान एक ग्रॅमने वाढले पाहिजे. वाढले नसेल तर गोळी खरोखर घेतली जात होती काय, चहाबरोबर घेतली जात होती काय, की निदानच वेगळे आहे, हे डॉक्टरांनी पाहावे लागते. ज्यांना गोळी मुळीच सोसत नाही किंवा प्रसूती जवळ आलेली आहे, त्यांना रुग्णालयात शिरेवाटे लोह देता येते. आकडा बारावर पोहोचला म्हणजे घरात आनंदीआनंद होतो आणि पाकीट बाजूला पडते. परंतु तेव्हा भरलेले असते ते दुकान. गोदाम भरण्यासाठी गोळी आणखी सुमारे तीन महिने चालू ठेवावी लागते. त्यानंतर फेरिटिन पाहून डॉक्टर सांगतील त्या दिवशी ती बंद करावी आणि उरलेल्या गोळ्या शेजारच्या वहिनींना देऊ नयेत.